बेर्गहाइन, बर्लिन: रविवारी सकाळी जा

बर्लिनच्या बेर्गहाइन या टेक्नोच्या, म्हणजे यंत्रांवर घडवलेल्या अखंड ठोक्यांच्या नृत्यसंगीताच्या, क्लबबद्दल लिहिणाऱ्यांची निम्मी शाई दारावरच संपते. कोणाला घेतलं, कोणाला परत पाठवलं, काळे कपडे घालावेत का, हसावं की गप्प उभं राहावं. दाराबद्दल पुढे येईलच, पण निकाल आधी सांगून टाकतो: नाचायची जागा म्हणून हिला तोड नाही. त्याचं श्रेय डीजेंच्या यादीपेक्षा घड्याळाला, अंधाराला आणि फोनच्या कॅमेऱ्यावर चिकटवल्या जाणाऱ्या छोट्या स्टिकरला जास्त आहे. शनिवारी मध्यरात्री पोचणाऱ्याच्या पदरात यातलं अर्धंच पडतं. रविवारी सकाळी जा.

क्रॉइत्सबेर्ग आणि फ्रीडरिक्सहाइन या शेजारी भागांच्या शेपट्या जोडून 'बेर्गहाइन' झालं. पहिला भाग बर्लिनच्या भिंतीच्या पश्चिमेला होता, दुसरा पूर्वेला. इमारत १९५०च्या दशकातली, पूर्व जर्मनीच्या राजवटीत बांधलेलं वीज आणि उष्णता पुरवणारं केंद्र. २००४ मध्ये मिखाएल टॉयफेले आणि नोर्बेर्ट थोर्मान यांनी तिथे क्लब सुरू केला. त्याआधी १९९८ ते २००३ या काळात त्यांचा 'ओस्टगुट' हा क्लब जवळच रेल्वेच्या जुन्या गोदामात होता. ते पाडलं गेलं आणि त्या परिसरात आता बंदिस्त स्टेडियम आहे. ओस्टगुटची मुळं समलिंगी पुरुषांच्या पार्ट्यांत होती, आणि पर्यटक म्हणून जाणाऱ्यानं हे आधी समजून घ्यावं. आतले सगळे नियम तिथूनच आलेत. फोटोबंदी ही काही अलीकडची 'डिजिटल उपास' छापाची हौस नव्हे. इथे नाचतोय हे घरी किंवा ऑफिसात कळलं तर ज्यांचं नुकसान होऊ शकतं, अशा माणसांसाठी ती आहे. पाहुणे आपण आहोत, यजमान ते.

आता घड्याळ. मुख्य कार्यक्रमाचं नाव 'क्लुबनाख्ट'. तो शनिवारी मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होतो आणि थेट सोमवारी सकाळी संपतो. तीस तासांहून जास्त, सलग. बर्लिनमध्ये हे जमतं कारण १९४९ मध्ये पश्चिम बर्लिनमधले गुत्ते बंद करायची सक्तीची वेळच उठली. हाइन्त्स त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्यानं अमेरिकन कमांडंट फ्रँक हाउलींना त्यासाठी पटवलं. सोबत व्हिस्कीची बाटली होती असं सांगतात. बंद होण्याची वेळ नसल्यानं काय फरक पडतो ते मुंबईतल्या पबशी ताडून पाहा. दीड वाजता दिवे लागणार हे माहीत असलं की सगळे दहा ते साडेबाराच्या दरम्यान घाईनं पितात, डीजे सुरुवातीपासून गाजलेली गाणी फेकतो, आणि लोक रंगात येतात तेव्हा बाहेर रिक्षा-टॅक्सीची मारामारी सुरू झालेली असते. बेर्गहाइनमध्ये कोणालाच घाई नसते. एकेक डीजे तीन-चार तास वाजवतो, शेवटचा तर त्याहून जास्त. पहिला तास नुसती मांडणी करण्यात घालवायची मुभा त्याला असते. जागरण-गोंधळ ज्यांनी पूर्ण बसून पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. गण, आवाहनं, आख्यान सगळं होऊन पहाट व्हायला लागली की मगच त्याचा रंग कळतो. दोन तासांच्या 'सादरीकरणात' तो येत नाही.

जायचं कसं? ओस्टबानहोफ स्टेशनवर उतरायचं, तिथून पायी दहा मिनिटांच्या आत. शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री बर्लिनची एस-बान (शहरी रेल्वे) रात्रभर धावते, रविवारच्या रात्री धावत नाही, हे परतीच्या वेळी लक्षात ठेवा. शनिवारी रात्री १२ ते पहाटे ४ या वेळेत दोन-तीन तासांची रांग धरून चाला. थंडीत पारा शून्याखाली असतो आणि आडोसा काही नाही, म्हणून वर जाड कोट, आत पातळ सुती किंवा घाम शोषणारा बनियन, असा बेत ठेवा. रविवारी सकाळी सात-आठच्या सुमारास रांग बहुतेक वेळा बरीच आखूड असते. दुपारी ती पुन्हा वाढते. तिकीट २५ ते ३० युरोंच्या घरात, म्हणजे साधारण तीन हजार रुपये. महाग वाटेल, पण तासांवर भागून पाहा. खिशात रोख रक्कम ठेवलेली बरी.

दारावर घोळका नको. दोघं, फार तर तिघं. 'किती जण?' असं विचारलं की आकडा सांगायचा, बोटं दाखवली तरी चालतात. रांगेत मोठ्यानं बोलणं, बाटल्या फोडणं, सेल्फी काढणं, यानं पत्ता कटतो. त्या रात्री कोण वाजवतंय ते वाचून जा. विचारतीलच असं नाही, पण विचारलं आणि 'माहीत नाही' म्हटलं तर खेळ तिथेच आटोपतो. नकार दोन-तीन शब्दांचा असतो, 'हॉयटे लायडर निश्त', आज नाही जमणार. वाद घालून तो बदलत नाही. दारावरचा सर्वांत प्रसिद्ध चेहरा म्हणजे स्वेन मार्क्वार्ट. १९६२ मध्ये पूर्व बर्लिनमध्ये जन्मलेला, चेहऱ्यावर गोंदण, आणि पेशानं छायाचित्रकार. पूर्व जर्मनीतल्या पंक मुलांचे त्यानं काढलेले कृष्णधवल फोटो त्याच्या बाउन्सरगिरीपेक्षा जास्त पाहण्यासारखे आहेत.

दाराचं समर्थन असं केलं जातं की आतली माणसं निवडली नाहीत तर आतला मोकळेपणा टिकणार नाही. यात तथ्य आहे. नुसतं 'बघायला' आलेल्यांचं प्रमाण वाढलं की नाचणारे अवघडतात, आणि अवघडलेल्या गर्दीत काहीच घडत नाही. पण कारण न सांगता नाकारण्याची ही पद्धत कोणत्याही पूर्वग्रहाला सोयीचं पांघरूण आहे. जर्मनीत २००६ पासून समान वागणुकीचा कायदा आहे आणि वंशावरून प्रवेश नाकारणं त्यात बसत नाही. मात्र कारणच सांगितलं नाही तर सिद्ध काय करणार? परत पाठवल्या गेलेल्या भारतीय मुलाला ते बुटांमुळे होतं की रंगामुळे, हे कधीच कळत नाही. या क्लबच्या परीक्षणात दाराला आमच्याकडून कमी गुण, आणि त्याभोवतीच्या गूढतेला त्याहून कमी.

आत गेल्यावर झडती होते, नीट, खिसे उलटे करून. मग फोनच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही कॅमेऱ्यांवर स्टिकर. ते आत काढून फोटो घेतलात तर बाहेरचा रस्ता. मग पैसे, मनगटावर शिक्का, कोट जमा. इथपर्यंतच्या क्रमाकडे जरा बारकाईनं पाहा: चपला काढणं, हातपाय धुणं, कपाळाला गंध, याच जातीची ही साखळी आहे. बाहेरचं एकेक काढून ठेवायचं आणि बदल्यात एक खूण घ्यायची. या दालनात २०१७ पर्यंत पिओट्र नाथान या कलाकाराचं भलंमोठं काम होतं, अॅल्युमिनियमच्या अनेक पत्र्यांचं, आणि त्याचं नाव 'लुप्त होण्याचे विधी'. आपण काय चालवतोय हे चालकांना पक्कं ठाऊक होतं. आतमध्ये आरसे नाहीत, स्वच्छतागृहातही नाहीत. केस कसे दिसतायत हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात सुटतो, म्हणजे सोडून द्यावा लागतो.

लोखंडी जिना चढून वर आलं की मुख्य मजला. छत सुमारे १८ मीटर उंच, भिंती उघड्या काँक्रीटच्या. असल्या हॉलमध्ये आवाजाचा चिखल व्हायला हवा. कार्यालयातल्या लग्नात ऑर्केस्ट्राचं काय होतं ते आपण जाणतोच. इथे तो होत नाही. फंक्शन-वन या इंग्लिश कंपनीचे स्पीकर मजल्याच्या चार कोपऱ्यांत उभे आहेत. मधला-वरचा आवाज कर्ण्यांतून नेमका माणसांवर सोडलेला, भिंतीवर कमीत कमी. उरलेलं काम माणसं करतात. शेकडो घामेजलेली शरीरं वरचे स्वर शोषून घेतात. म्हणून मजला रिकामा असताना तोच आवाज कोरडा आणि घुमणारा वाटतो, भरला की घट्ट होतो. ही यंत्रणा गर्दी धरूनच पूर्ण होते.

उभं कुठे राहायचं याचंही गणित आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. एका स्पीकरपासून दुसऱ्यापेक्षा १० मीटर लांब उभे असाल तर त्याचा ठोका सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा येतो आणि किकची, म्हणजे तालातल्या जाड ढोलासारख्या ठोक्याची, धार बोथट होते. चारी कोपऱ्यांच्या मधोमध सगळं एकदम पोचतं. नवखे डीजेसमोर गर्दी करतात, कारण मैफलीत पुढची रांग मानाची अशी सवय. जाणकार मध्यावर आणि किंचित मागे सापडतात.

कानांची काळजी मात्र स्वतः घ्या. जर्मनीत डीआयएन १५९०५-५ या प्रमाणकानं अर्ध्या तासाच्या सरासरीला ९९ डेसिबलची मर्यादा घातली आहे. ती श्रोत्यांच्या सोयीची असली तरी सहा तासांच्या मुक्कामाची नाही. अमेरिकेतल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. १५ डेसिबल कापणारे इअरप्लग घातले की पुन्हा आठ तासांवर येता. फोमचे स्वस्त बोळे वरचे स्वर जास्त खातात, हायहॅट (झांजेसारखा वरचा ठोका) ऐकू येत नाही आणि मग पाय चुकतात. संगीतकारांसाठी मिळणारे गाळणीचे प्लग घ्या, सगळी पट्टी सारख्या प्रमाणात खाली आणणारे.

नाच तसा सोपा, म्हणूनच अवघड. टेक्नोचा वेग मिनिटाला १३० ठोक्यांच्या आसपास. तासाला ७,८०० ठोके, चार तासांत ३१ हजारांवर. प्रत्येक ठोक्यावर उडी मारणारा तासाभरात पोटरी धरून बसतो. गुडघे सैल, टाच जेमतेम उचललेली, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. वारीतली पावली ज्यांच्या पायात आहे त्यांना हे पाच मिनिटांत जमतं, कारण तत्त्व तेच, जागा कमी आणि दम लांबवायचा. दमलात की निम्म्या लयीत उतरा, दर दुसऱ्या ठोक्याला एक हालचाल, म्हणजे ६५चा वेग. लय सुटत नाही आणि श्वास परत येतो. हात खांद्याच्या वर फार वेळ नकोत, शेजारच्याच्या डोळ्यात कोपर जातं. खाली काँक्रीट आहे, तेव्हा जाड तळव्याचे, पायात आधीच रुळलेले बूट. नवे बूट घालून आलेला तीन तासांत ओळखू येतो.

संगीताची बांधणी बत्तीस ठोक्यांच्या तुकड्यांची असते, १३०च्या वेगात सुमारे पंधरा सेकंद. नवं काही यायचं ते बहुधा या सांध्यावर येतं. डीजे मधूनच किक काढून घेतो, नुसते वरचे आवाज तरंगत ठेवतो. आपल्याकडे समेवर यायचं कधी हे गायक, तबलजी आणि श्रोता तिघांनाही ठाऊक असतं. इथे सम पुढे ढकलता येते. बत्तीस झाले, नाही आली. चौसष्ट झाले, नाही आली. अंधारात शेजारच्या अनोळखी माणसानंही पाय अधांतरी धरलेला असतो. मग किक परत येते आणि सगळा मजला एकदम खाली बसतो, काँक्रीटमधून पोटऱ्यांत. त्या क्षणी आरडाओरडा फारसा होत नाही, आणि तीच या मजल्याची खानदानी रीत. मध्यम दर्जाचा डीजे ही युक्ती दर पाच मिनिटांनी करतो, तेव्हा तिचं ढोलपथकाच्या 'स्पेशल ठोक्या'सारखं होतं, टाळ्या मिळतात पण अंगात काही भिनत नाही. मार्सेल डेटमान किंवा बेन क्लॉक यांच्यासारखे इथे वाढलेले लोक अर्धा-अर्धा तास किक हलवत नाहीत. कंटाळा येईल अशी भीती वाटते, तो येतोही, आणि कंटाळ्याच्या पलीकडे गेल्यावर शरीर विचारायचं थांबतं.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'सायलेंट डिस्को' घडवून एका तालावर नाचण्याचा परिणाम मोजून पाहिला होता. हेडफोन लावलेल्यांत जे एकाच तालावर एकसारखं नाचले, त्यांची वेदना सोसायची मर्यादा वाढली आणि सोबतच्यांबद्दल जवळीकही जास्त वाटली. रिंगणात धावून आलेल्या वारकऱ्याला पायाचे फोड विचारा, तो हेच सांगेल.

पॅनोरामा बार आणखी एक जिना वर. तिथे हाउस (टेक्नोहून मवाळ, गाण्याच्या जवळचं) संगीत, छत बुटकं, माणसं जास्त हसरी. वोल्फगांग टिलमन्स यांची छायाचित्रं तिथे लावलेली असतात. खिडक्यांना पट्ट्यांचे पडदे आहेत, आणि दिवसा एखाद्या नेमक्या ठोक्यावर ते क्षणभर उघडतात. बाहेरचं ऊन आत घुसतं, धुरात पट्टे उमटतात, सगळ्यांना एकमेकांचे चेहरे पहिल्यांदा दिसतात, आणि पुन्हा बंद. काकडआरतीला गाभाऱ्याचं दार उघडावं तसं. हे रात्री होऊच शकत नाही. रविवारी सकाळचा आग्रह त्यासाठीही आहे.

गोव्याची आठवण निघालीच तर एक सावधगिरी. ऐंशी-नव्वदच्या दशकांत हणजूणच्या किनाऱ्यावर नाचून परतलेल्या जर्मनांनी आपल्या गोव्याचं नावच संगीतप्रकार म्हणून घरी नेलं. जर्मनीत 'गोवा पार्टी' असा फलक दिसला तर तिथे सायट्रान्स नावाचं वेगवान इलेक्ट्रॉनिक संगीत वाजणार, फेणी मिळणार नाही. बेर्गहाइनमध्ये ते संगीतही नाही.

आता ज्याबद्दल मराठीत कुजबुजत बोललं जातं ते. आत अंधाऱ्या खोल्या आहेत आणि तिथे शरीरसंबंध होतात. तिकडे गेलंच पाहिजे असं काही नाही, पण टक लावून पाहणं आणि खिदळणं हा इथला खरा असभ्यपणा. स्पर्शाआधी विचारणं, आणि मान हलली की मागे होणं. स्वच्छतागृहं सगळ्यांना सामायिक, एका संडासात तिघं-चौघं शिरताना दिसतील. बहुतेक अमली पदार्थ बेकायदा आहेत, झडती त्यासाठीच, आणि तरीही ते आत असतात. माहीत असावं ते एवढंच, की जीएचबी नावाचं द्रव आणि दारू एकत्र आली की श्वास मंदावून थांबू शकतो. कोणी आडवं झालेलं, हलवूनही उठत नसलेलं दिसलं तर 'झोपला असेल' असं म्हणू नका, बारवर सांगा.

दारूपेक्षा पाण्याचा हिशेब ठेवा. तासाला अर्धा लिटर पुरे, घोटाघोटानं. घाम गाळून नुसतं पाणी ढोसलं की शरीरातलं मीठ पातळ होऊन गरगरतं, म्हणून मध्ये खारे शेंगदाणे किंवा काहीतरी खारट खा. आत आइस्क्रीम मिळतं, आणि सकाळी दहा वाजता ते बिअरपेक्षा उपयोगी पडतं. क्लब-माटे नावाचं कॅफिनचं पेय सगळे पितात, चव पाणी घातलेल्या कोऱ्या चहासारखी. बर्लिनमध्ये बाटलीवर अनामत घेतात, रिकामी परत केली की पैसे मिळतात. जमिनीवर सोडलेली बाटली अंधारात फुटते आणि नाचणाऱ्याच्या बुटात जाते.

कागदोपत्रीही या जागेचं काय करायचं हा प्रश्न पडला होता. २०१६ मध्ये करविषयक न्यायालयानं मान्य केलं की इथला कार्यक्रम मैफलीसारखा आहे, म्हणून तिकिटावर १९ ऐवजी ७ टक्के कर. लोक मुख्यत्वे संगीतासाठी येतात, असा त्यामागचा तर्क. मार्च २०२४ मध्ये बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. कर वाचला हे छान झालं, पण मैफल म्हटलं की समोर श्रोते हवेत. इथे तसा कोणीच नाही. डीजेच्या टेबलाकडे पाठ करून नाचणारे ढीगभर आहेत आणि त्यात कोणाचा अपमान होत नाही. यादीतला 'वारसा' हा शब्द जास्त जवळचा आहे. अर्थात वारसा म्हटलं की पर्यटक वाढतात, पर्यटक वाढले की दार आणखी कडक होतं, आणि रांगेत सूटकेस घेऊन उभी असलेली माणसं आजही दिसतात.

निघताना घाई करू नका. मध्येच बाहेर जाऊन परत यायचं असेल तर शिक्का दाखवून कधीपर्यंत येता येईल ते दारावर आधी विचारा, आणि तोवर मनगट साबणानं धुऊ नका. कोटाचं टोकन पँटच्या खिशात ठेवलं तर नाचताना पडतं. दोरी असेल तर गळ्यात, नाहीतर बुटाच्या नाडीत ओवून गाठ मारा. हरवलं तर गर्दी ओसरेपर्यंत थांबून कोट ओळखून घ्यावा लागतो, आणि तिथले नऊशे कोट काळेच असतात.